ऐन थंडीत कोंबडीची पिसं का गळतात? सोलापूरच्या हवेत तिची काळजी कशी घ्यायची?

मान उघडी पडली आहे, शेपटीचं एकही पीस जागेवर नाही, तुरा फिका पडला आहे आणि पंधरा दिवसांपासून अंडं नाही. खुराड्यात सकाळी पाहावं तर पिसांचा सडा. दिवाळीनंतर अनेक घरांत कोंबडीची अशी अवस्था दिसते आणि घरातले घाबरतात. कुणी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतं, कुणी तिला रोग झाला असं समजून विकून टाकतं, तर कुणी अंडी बंद झाली म्हणून थेट रविवारचा बेत ठरवतं.

बहुतेक वेळा ही कोंबडी आजारी नसते. ती जुनी पिसं टाकून नवी घालत असते. साप कात टाकतो, तसाच हा प्रकार. इंग्रजीत त्याला 'मोल्टिंग' म्हणतात, आपल्याकडे 'पीसगळ' किंवा 'पिसं झडणं'.

अडचण एवढीच की हे सगळं थंडीच्या तोंडावर होतं. इंटरनेटवर शोधलं तर सल्ले मिळतात ते बर्फ पडणाऱ्या देशांतले: हीटर लावा, पाणी गोठू देऊ नका, कोंबडीला स्वेटर घाला. सोलापूरच्या कोंबडीला यातल्या बहुतेक गोष्टींची गरज नसते. तिला तीन गोष्टी लागतात: भरपूर प्रथिनं, वाऱ्यापासून आडोसा आणि शांतता.

पिसं गळतात तरी का?

पीस ही जिवंत वस्तू नाही. आपल्या नखासारखं ते एकदा वाढलं की झिजत राहतं, त्याची दुरुस्ती होत नाही. वर्षभर माती, ऊन, पाऊस आणि इतर कोंबड्यांच्या चोची सोसून पिसं फाटतात, विरळ होतात. अशी पिसं ऊब धरून ठेवत नाहीत. म्हणून शरीर ठरावीक काळाने ती सगळी बदलतं.

कधी बदलायची, हे शरीराला कळतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा असतो, त्यानंतर तो लहान होऊ लागतो. कोंबडीचा मेंदू प्रकाशातली ही घट टिपतो. अंडी घालण्याला चालना देणारी संप्रेरकं कमी होतात आणि पिसं बदलण्याचं काम सुरू होतं.

इथे सोलापूर आणि युरोप यांत मोठा फरक आहे. लंडनमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासांच्या आसपास असतो. सोलापुरात हेच आकडे साधारण १३ तास आणि ११ तास आहेत. फरक फक्त दोन तासांचा. त्यामुळे आपल्याकडे सगळ्या कोंबड्या एकाच आठवड्यात पिसं टाकतील असं होत नाही. एक सप्टेंबरमध्ये सुरुवात करते, दुसरी डिसेंबरमध्ये. खुडूक बसून उठलेली कोंबडी, एकदम खाद्य बदललेली किंवा एक-दोन दिवस पाण्यावाचून राहिलेली कोंबडी अवेळीही पिसं टाकू शकते.

पहिली मोठी पीसगळ साधारण दीड वर्षाच्या वयात होते, नंतर दरवर्षी. कोंबडेही पिसं टाकतात. त्या काळात त्यांची प्रजननक्षमता कमी होते.

अंडी का बंद होतात?

पिसाचा जवळजवळ ८५ टक्के भाग प्रथिनांचा असतो. अंडं घालायलाही प्रथिनंच लागतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालवणं शरीराला परवडत नाही, म्हणून ते अंडी थांबवतं. बीजांड आणि अंडनलिका आकसतात, त्यांना विश्रांती मिळते. पीसगळ संपल्यावर कोंबडी पुन्हा अंडी घालते तेव्हा अंडी आकाराने मोठी आणि कवचाला मजबूत असतात, संख्या मात्र आधीच्या वर्षापेक्षा थोडी कमी होते.

'अंडी देत नाही तर दाणे कशाला?' हा विचार इथेच चुकतो. खरं तर या दिवसांत तिला एरवीपेक्षा जास्त कसाचं खाणं लागतं. व्यावसायिक फार्मवर एकेकाळी कोंबड्यांना मुद्दाम उपाशी ठेवून सगळ्यांची पिसं एकदम गाळली जात, म्हणजे पुढचा अंड्यांचा हंगाम एकत्र सुरू होई. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०११ मध्ये ही पद्धत थांबवण्याचे आदेश दिले. प्राण्याला पुरेसं अन्न-पाणी न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पीसगळ आहे की आजार, कसं ओळखायचं?

पीसगळीला क्रम असतो. आधी डोकं आणि मान, मग छाती आणि पाठ, मग पंख, शेवटी शेपटी. शरीराच्या दोन्ही बाजूंना पिसं साधारण सारखीच जातात. उघड्या कातडीजवळून पाहिलं तर सुईसारखे टोकदार कोंब वर येताना दिसतात. कोंबडी थोडी मलूल, चिडकी आणि एकलकोंडी होते, पण खाते-पिते, चालते-फिरते.

पुढच्या खुणा दिसल्या तर कारण वेगळं असतं:

• फक्त पाठीवरची आणि मानेमागची पिसं गेली असतील, तर बहुधा कोंबड्याच्या चढण्यामुळे.

• शेपटीच्या बुडाशी किंवा गुदद्वाराजवळ टोचल्याच्या जखमा असतील, तर इतर कोंबड्या पिसं उपटत आहेत. जागा कमी पडणं आणि खाण्यात प्रथिनं कमी असणं ही त्याची नेहमीची कारणं.

• फक्त छाती-पोट उघडं असेल आणि कोंबडी सारखी घरट्यात बसत असेल, तर ती खुडूक आहे.

• पिसांच्या मुळाशी पांढरट लिखांचे पुंजके दिसले, कोंबडी सारखी खाजवत असली, तर उवा. रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी आणि दांड्या पाहाव्यात. लाल पिसू-कीड आणि गोचीड दिवसा फटीत लपतात आणि अंधारात रक्त पितात.

• हिरवट-पांढरी हगवण, धाप लागणं, मान वाकडी होणं, लंगडणं, डोकं-तुरा सुजणं किंवा निळसर पडणं ही पीसगळीची लक्षणं नाहीत. राणीखेत म्हणजेच मानमोडी आणि बर्ड फ्लू या दोन्ही रोगांत यांपैकी काही लक्षणं दिसतात.

किती दिवस चालतं?

साधारण दोन ते चार महिने. यात एक गंमत आहे. चांगली अंडी देणारी कोंबडी उशिरा पिसं टाकते आणि भराभर टाकते. दोन-तीन दिवसांत ती जवळजवळ उघडी होते आणि पाहणाऱ्याला धक्का बसतो. कमी अंडी देणारी कोंबडी लवकर सुरुवात करते आणि एकेक पीस सावकाश बदलत राहते. म्हणजे जी सर्वांत भयंकर दिसते, ती बऱ्याचदा कळपातली सर्वांत चांगली कोंबडी असते. 'रोगट' म्हणून नेमकी तीच विकली जाण्याचा धोका असतो.

काम कुठवर आलं ते पंख पाहून कळतं. संध्याकाळी कोंबडी शांत असताना पंख हलकेच उघडावा. टोकाकडच्या बाजूला दहा मोठी पिसं असतात. ती आतून बाहेरच्या दिशेने एकामागून एक बदलतात. नवी पिसं स्वच्छ, चकचकीत आणि उंचीला कमी असतात, जुनी मळकी आणि कडांना झिजलेली. एक मोठं पीस पूर्ण वाढायला साधारण सहा आठवडे लागतात.

खायला काय द्यायचं?

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. साहजिकच घरच्या कोंबड्या ज्वारीवर वाढतात. पण ज्वारीत प्रथिनं असतात साधारण १० टक्के. अंड्यांवरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात ती १६ ते १८ टक्के असतात आणि पिसं येण्याच्या काळात १८ ते २० टक्के असलेली बरी. नुसत्या ज्वारीवर असलेल्या कोंबडीला गरजेच्या निम्मीच प्रथिनं मिळतात. तिची पिसं रेंगाळतात आणि जानेवारीची थंडी ती अर्धवट उघडी काढते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुकानातून कोंबड्यांच्या वाढीचं तयार खाद्य आणून दोन-अडीच महिने देणं. पाकिटावर प्रथिनांचं प्रमाण छापलेलं असतं. एकदम बदल न करता आठवडाभर जुन्या खाद्यात थोडं थोडं मिसळत जावं.

घरीच मिश्रण करायचं असेल तर हिशेब सोपा आहे. ७० भाग भरडलेली ज्वारी, बाजरी किंवा मका आणि ३० भाग पेंड. धान्यातून सुमारे ७ आणि पेंडीतून सुमारे १२, मिळून १९ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं होतात. वर कोंबड्यांचं खनिज मिश्रण, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात.

पेंड एकाच प्रकारची नसावी. पिसांसाठी मेथिओनीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल महत्त्वाचं असतं. शेंगदाणा आणि सोयाबीन पेंडीत ते कमी पडतं, तिळाच्या पेंडीत ते भरपूर असतं. उलट तिळाच्या पेंडीत लायसिन कमी असतं, ते सोयाबीन पेंडीतून मिळतं. भोगी-संक्रांतीच्या सुमारास घाण्यावर तीळ गाळले जात असतील, तर तिथली पेंड सोयाबीन पेंडीसोबत मिसळून चांगली जोडी होते.

सोबत आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं कुस्करून, धुऊन खारटपणा काढलेलं सुकट किंवा अळ्या-किडे देता येतात. असा वरखाऊ रोजच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते, गावरान थोडी कमी.

काही गोष्टी मात्र टाळायलाच हव्यात:

बुरशी आलेली शेंगदाणा पेंड. तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते पक्ष्यांचं यकृत निकामी करतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी. अफ्लाटॉक्सिनचा शोधच त्या घटनेतून लागला. कुबट वास, हिरवट-काळी छटा किंवा गाठी दिसल्या तर ती पेंड कोंबड्यांनाच नाही, कुठल्याच जनावराला घालू नये.

सरकी पेंड. घरात म्हैस असेल तर ही हाताशी असते. पण सरकीतलं गॉसिपॉल हे द्रव्य कोंबड्यांना बाधतं.

म्हशीचं सुग्रास. त्यात युरिया असू शकतो. गाय-म्हैस तो पचवते, कोंबडी नाही.

कच्चं सोयाबीन. त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात. भाजलेलं सोयाबीन किंवा पेंडच वापरावी.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. अंडी बंद असताना कोंबडीला कॅल्शियम कमी लागतं, ते तिला हवं तेवढंच ती उचलते.

सोलापूरची थंडी नेमकी कशी असते?

डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे साधारण १५ पर्यंत उतरतो. उत्तरेकडून गार वारे आले की त्याहूनही बराच खाली जातो. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने सूर्य मावळताच जमीन झपाट्याने गार होते. म्हणजे बारा तासांत १५ अंशांचा झोका.

कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश असतं. पूर्ण पिसं असलेली कोंबडी पहाटेचे १५ अंश सहज सोसते, कारण पिसांत अडकलेली हवा गोधडीचं काम करते. उघड्या कातडीवर ती गोधडीच नसते. त्यात वाऱ्याचा झोत लागला की शरीर तापवण्यातच तिचं खाणं खर्च होतं आणि पिसांसाठी उरत नाही. थंडी वाजणारी कोंबडी अंग चोरून, मान आत ओढून, एक पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसते. सगळ्या एकमेकींवर चढून एकाच कोपऱ्यात दाटल्या असतील, तर ते खुराडं गार आहे.

खुराड्यात काय बदल करायचे?

वारा अडवा, हवा अडवू नका. उत्तर आणि पूर्वेच्या जाळीला कोंबडीच्या उंचीच्या वरपर्यंत गोणपाटाचे पडदे लावावेत. छताजवळची वीतभर जागा मात्र उघडी ठेवावी. सगळीकडून प्लास्टिक लावून बंद केलेल्या खुराड्यात विष्ठेचा अमोनिया साचतो, डोळे चुरचुरतात आणि श्वासाचे आजार होतात. सकाळी ऊन आलं की पडदे वर करावेत.

पत्र्यावर कडबा टाका. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री लगेच गार पडतो. वर कडब्याच्या पेंढ्या किंवा तुराट्या टाकल्या तर दोन्ही बाजूंनी फायदा. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्या बांधून घ्याव्यात.

खाली गादी हवी. फरशी किंवा उघड्या जमिनीवर तीन-चार इंच तूस, लाकडाचा भुसा किंवा कोरडी शेंगांची टरफलं पसरावीत. ओली झालेली जागा लगेच बदलावी.

बसायला रुंद दांडी द्या. दोन इंच रुंद आणि कडा गोल केलेली लाकडी पट्टी असेल तर बसलेल्या कोंबडीची बोटं पोटाखाली झाकली जातात.

सकाळी कोमट पाणी ठेवा. इथे पाणी गोठत नाही, पण रात्रभर गार पडलेलं पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी प्यायल्या की खाणंही कमी होतं.

बल्ब, शेगडी, स्वेटर यांचं काय?

पिल्लांना बल्बची ऊब लागते, मोठ्या कोंबडीला सोलापूरच्या थंडीत ती लागत नाही. कोरडा भुसा, वाळका कडबा आणि तापलेला बल्ब एकत्र आले की आगीचा धोका मोठा असतो. शिवाय रात्रभराच्या उजेडाने अंड्यांची चालना आधीच सुरू होऊ शकते आणि पिसांचं काम अर्धवट राहतं. बंद खुराड्याजवळ पेटती शेगडी तर कधीच ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

स्वेटर घातलेल्या कोंबड्यांचे व्हिडिओ गोड दिसतात. पण नवं पीस उगवताना त्याच्या नळीत रक्त वाहत असतं. तो कोंब दाबला गेला तर दुखतो, मोडला तर रक्त येतं. चादरींचं शहर असलं तरी कोंबडीला चादरीत गुंडाळायची गरज नाही. याच कारणाने या दिवसांत तिला उगाच उचलू नये, लहान मुलांनाही खेळायला देऊ नये.

कोंब मोडून रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून धरावं, वर हळद लावावी आणि जखम सुकेपर्यंत तिला वेगळं ठेवावं. लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचतात.

उवांसाठी कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख मिसळून एका घमेल्यात ठेवावी, कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात. शेतातलं कीटकनाशक अंगावर फवारणं धोक्याचं आहे, उघड्या कातडीतून ते थेट शरीरात जातं. नवी कोंबडी कळपात आणणं, जागा बदलणं ही कामं शक्यतो पुढे ढकलावीत. लसीकरण आणि जंताचं औषध कधी द्यायचं, ते पशुवैद्यकाला विचारून ठरवावं.

पशुवैद्यकाला कधी बोलवायचं?

हिवाळा हाच बर्ड फ्लूच्या धोक्याचा काळ असतो, कारण स्थलांतरित पाणपक्षी याच महिन्यांत येतात. उजनीचं पाणलोट क्षेत्र त्यांचं मोठं ठिकाण आहे. देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांमध्ये हाच विषाणू सापडला.

त्यामुळे 'पिसंच गळतायत' म्हणून प्रत्येक गोष्ट सोडून देऊ नये. पुढीलपैकी काही दिसलं तर लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावं:

• एक-दोन दिवसांत एकाहून अधिक कोंबड्या अचानक मेल्या.

• कोंबडीने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही.

• हगवण, धाप, मान वाकडी होणं किंवा तुरा निळसर पडणं.

• परिसरात कावळे किंवा इतर पक्षी मरून पडले.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये आणि उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये.

बाकी कोंबड्यांच्या बाबतीत थोडी वाट पाहायची असते. २२ डिसेंबरनंतर दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असं घरोघरी म्हणतात, आणि कोंबडीचा मेंदू नेमका तोच तीळ मोजत असतो. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा उरकेपर्यंत बहुतेक कोंबड्यांच्या अंगावर नवी, चकचकीत पिसं आलेली असतात. मग तुरा पुन्हा लाल होऊ लागतो. तो लाल झाला की दोन-तीन आठवड्यांत अंडं येईल असं समजावं आणि तेव्हा पुन्हा अंड्यांवरच्या कोंबडीचं खाद्य सुरू करावं.